भाजलेल्या माशापासून पुढे

शिझुयो गेली त्या दिवशी मी एका नूडलवाल्याच्या फ्रीजमागे पोटावर आडवा पडलो होतो. फोन शर्टाच्या खिशात आणि खिसा अंगाखाली. तो थरथरत होता ते मला कळत होतं. म्हटलं, थरथरू दे, हा नट एकदा सुटू दे. नट सुटायला वीस मिनिटं लागली. उठून पाहिलं तर मुलीचे अकरा कॉल. बारावा मी उचलला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"कामावर. काय झालं?"

"आई ट्रामच्या थांब्यावर पडली. मी हॉस्पिटलात आहे."

"शुद्धीवर आहे का?"

नागिसा म्हणाली, "बाबा, तुम्ही या."

तेव्हा मला कळलं. मी हत्यारं पेटीत भरली, एकेक जागच्या जागी. नूडलवाल्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत फ्रीजचं दार उघडू नका. ते त्या वेळी का सांगितलं कोण जाणे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि बाहेर चांगलं ऊन पडलं होतं.

पुढचे सात आठवडे सगळ्यांनी मिळून मला एकच प्रश्न विचारला. तिची रक्षा कुठे ठेवायची? इथल्या जर्मन कायद्यानं कलश घरी ठेवता येत नाही. तो ब्रोकहोफ नावाच्या अंत्यविधीवाल्याच्या कपाटात होता आणि ब्रोकहोफ दर मंगळवारी फोन करायचा. त्याच्या फॉर्मवर ठिकाणाचा एक रकाना होता. नागिसा म्हणे इथेच, ड्युसेलडॉर्फमध्ये, म्हणजे मला ट्रामनं जाता येईल. मेव्हणी तोमोए जपानातल्या त्सुरुगाहून फोनवर म्हणे, ताईला आईबाबांच्या कबरीत आणा, ती परक्या मातीत राहायची नाही. आमच्याकडे रक्षा घराण्याच्या कबरीत ठेवतात, पण मी धाकटा मुलगा. घराण्याची कबर थोरल्या भावाकडे गेली आणि स्वतःची बांधायचं काम मी चाळीस वर्षं पुढे ढकललं. शिझुयोला काय हवं होतं ते मला माहीत नव्हतं. त्रेचाळीस वर्षं संसार केला आणि एवढं विचारलं नाही, असं मी ब्रोकहोफला सांगितलं. तो म्हणाला, पुष्कळांचं असंच असतं. हे ऐकून मला बरं वगैरे काही वाटलं नाही.

ज्याला माहीत असेल असं एकच माणूस होतं. किनुको हिराकावा. त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं इथे कैसेकीचं जेवणघर आहे, एकामागून एक बशा येतात ते जपानी जेवण. नवरा स्वयंपाकघर सांभाळतो आणि बाकीचं सगळं मालकीणबाई बघतात. शिझुयोनं त्यांच्याकडे बावीस वर्षं वाढपाचं काम केलं. किमोनो नेसून, गुडघ्यांवर बसून, एकेक वाटी दोन्ही हातांनी पाहुण्यापुढे ठेवायची. दुपारच्या रिकाम्या वेळात या दोघी मागच्या दारात चहा पीत बसायच्या. मी फ्रीज दुरुस्तीला गेलो की मला बघून गप्प व्हायच्या.

मी त्यांना फोन केला. "किनुको-सान, रक्षेबद्दल शिझुयो तुमच्यापाशी काही बोलली होती का?"

त्या म्हणाल्या, "एकोणपन्नासाव्या दिवसाचं जेवण आमच्याकडे करा, कुराहाशी-सान."

"जेवणाचं नंतर बघू हो. मी विचारतोय काय..."

"या. बसा. जेवा. मग बोलू. फोनवर नको."

इथे की तिथे, एका शब्दाचं उत्तर. आणि त्यासाठी कैसेकी! बशीत घासभर, आणि दोन बशांच्या मध्ये वीस मिनिटं. त्यात प्रत्येक बशीबरोबर ती कुठल्या ऋतूची, पान कुठल्या झाडाचं, हे ऐकून घ्यायचं. भात सगळ्यात शेवटी, भूक मेल्यावर. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. मी दुपारी उभ्यानं भाताचे दोन गोळे खाणारा माणूस. बावीस वर्षं मी त्या घरात मागच्या दारानं, पेटी घेऊन गेलो. पुढच्या खोलीत फक्त एकदा बसलो होतो, शिझुयो काम सोडणार होती तेव्हा, आणि तेव्हाही पुरता बसलो नव्हतो.

पण उत्तर हवं होतं. म्हणून हो म्हटलं.

एकोणपन्नासाव्या दिवशी आमच्यात गेलेल्याला निरोप देतात. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी नदीपलीकडच्या मंदिरात पाठ झाला आणि दुपारी आम्ही चौघं हिराकावांकडे पोचलो. मी, नागिसा, तिचा नवरा टोर्स्टेन आणि दोन दिवसांपूर्वी विमानानं आलेली तोमोए. मी सवयीनं मागच्या दाराकडे वळलो तर तोमोएनं माझी बाही ओढली.

"भाऊजी, आज हातात पेटी नाहीये. पुढून चला."

आतल्या खोलीत चटया, बुटकं टेबल, कोनाड्यात शिझुयोचा फोटो. फोटोपुढेही एक पान मांडलेलं होतं, तिच्यासाठी. मी मांड्या घालून बसलो. गुडघे कटकन वाजले.

"पाय पसरा हवं तर," तोमोए म्हणाली. "ताई कुठे बघतेय आता."

"मावशी!" नागिसा म्हणाली.

"अगं, ताईच म्हणायची. ह्यांना उभं राहता येतं नाहीतर आडवं पडता येतं, मधलं काही जमत नाही."

टोर्स्टेन गंभीर चेहऱ्यानं जेवायच्या काड्या न्याहाळत होता. चांगला मुलगा आहे. यायच्या आधी त्यानं या जेवणावर एक आख्खं पुस्तक वाचून काढलं होतं. तो मला म्हणाला, "बाबा, काड्यांची टोकं मुद्दाम ओली केली आहेत. अन्न चिकटू नये म्हणून."

"हो का," मी म्हटलं.

"आणि आता पहिल्यांदा एक छोटी बशी येईल. मग वाटीत सूप. मग कच्च्या माशाचे काप. मग भाजलेला मासा."

"जावईबापू," तोमोए म्हणाली, "थोडं आमच्या पोटासाठीही राहू दे. सगळं तुम्हीच सांगून संपवाल."

दार सरकलं. किनुको-सान गुडघ्यांवर टेकून आत आल्या, खाली वाकल्या, आम्हीही वाकलो. काळा किमोनो, केस पहिल्यापेक्षा पांढरे. त्यांनी पहिलं ताट फोटोपुढे ठेवलं, मग माझ्यापुढे. ताटात भाजलेला मासा होता.

टोर्स्टेननं पाहिलं. नागिसाकडे पाहिलं. परत माशाकडे पाहिलं.

"बांगडा," किनुको-सान म्हणाल्या. "मिसोत, सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यात, दोन दिवस मुरवलाय. गरम आहे तोवर घ्या."

"किनुको-सान," मी म्हटलं, "शिझुयो काय म्हणाली होती?"

"वरची साल लिंबाची आहे, युझूची. ती नुसती वासाला."

आणि त्या गेल्या.

"हा चौथा पदार्थ आहे," टोर्स्टेन दबक्या आवाजात म्हणाला. "पहिले तीन कुठे गेले?"

"मला काय विचारतोस?" नागिसा म्हणाली.

"मी सांगते," तोमोएनं काड्या उचलल्या. "परदेशात राहून राहून ही मंडळीही बिघडली. मेलेल्या माणसाच्या नावाचं जेवण, त्यात काटकसर! सूपसुद्धा नाही. आमच्याकडे गावातला साधा मासेवालासुद्धा सूप देतो."

मला सूप नको होतं, मला उत्तर हवं होतं. मी मासा चार घासांत संपवला. नागिसानं माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी तिच्या आईसारखी. मग आम्ही बसून राहिलो. भिंतीपलीकडून स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रीजचा आवाज येत होता. पंख्याचं बेअरिंग गेलेलं. घर्र, घर्र, मध्येच एक टक्. हा आवाज ऐकू आला की मला दुसरं काही ऐकू येत नाही. मनात आलं, फ्रीज बंद पडला असेल, पहिल्या तीन पदार्थांचं सामान खराब झालं असेल, म्हणून असं झालं. लाजेनं सांगत नसतील.

मी टेबलाला हात टेकून उठलो. "पाच मिनिटांत आलो."

"बाबा, नाही हं!"

"बघू तरी दे. नुसतं बघतो."

दार उघडलं तर समोर किनुको-सान, हातात पुढचं ताट.

"बसा, कुराहाशी-सान."

"तुमच्या पंख्याचं बेअरिंग..."

"तीन आठवडे वाजतंय. आणखी एक तास वाजलं म्हणून काही बिघडत नाही. बसा."

"एका स्क्रूचं काम आहे हो."

"आज तुम्हाला मध्येच उठू द्यायचं नाही, असं मला सांगून ठेवलेलं आहे."

"कुणी?"

त्यांनी माझ्या हाताला धरून, लहान मुलाला बसवतात तसं मला खाली बसवलं आणि पुढ्यात वाटी ठेवली. "सलगम आहे. मंद आचेवर शिजवलेलं. झाकण जपून काढा, आतली वाफ हातावर येते."

मी हात टेकले. झाकण काढलं. वाफ हातावर आली.

सलगम खाताना मावशी-भाचीचं सुरू झालं. मला ते होणार हे माहीतच होतं.

"कबर मी साफ करून घेतलीय," तोमोए म्हणाली. "दगड धुतला. आईच्या शेजारी जागा आहे."

"मावशी, त्सुरुगाला वर्षातून एकदा जायचं म्हटलं तरी मला तीन विमानं बदलावी लागतात."

"आणि तू म्हातारी झालीस की इथे कोण जाणार? हे जावईबापू?"

"मी जाईन," टोर्स्टेन म्हणाला. "मला आवडेल."

"इथे म्हणे वीस वर्षांनी जागा परत घेतात. भाड्याची खोली आहे का ती? ताईला तिथूनही सामान बांधायला लावणार?"

"मुदत वाढवता येते!"

"भाऊजी, तुम्ही बोला की. नवरा तुम्ही आहात."

"मला माहीत असतं तर इथे मांडी मोडत बसलो असतो का?" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण दोघी आपापल्या वाटीकडे वळल्या. पंखा वाजत राहिला.

मग काकडी आणि समुद्री शेवाळ, व्हिनेगर घातलेलं. तीन घास. मी पुन्हा विचारलं. किनुको-साननी सांगितलं की काकडी आता संपत आली, या मोसमातली शेवटची. मला वाटलं आता मी टेबल उलटं करीन. आपल्या लोकांचं हे असं. तोंडानं म्हणून बोलायचं नाही. आठ बशा पुढे ठेवतील, पण दोन शब्द ठेवणार नाहीत. आणि बशांची भाषा मला कधी आली नाही. शिझुयोला यायची. संध्याकाळी घरी येऊन ती मला सांगायची, आज वाटीत काय होतं, कुठल्या पाहुण्यानं कुठली वाटी हातात धरून ठेवली. मी बेअरिंगं तेलात घालता घालता हूं म्हणायचो.

शेवटी भात आला. मातीच्या भांड्यात, अळंब्यांचा, बरोबर मिसोचं सूप आणि मुळ्याचं लोणचं. किनुको-साननी आम्हाला आणि फोटोपुढेही भात वाढला आणि या वेळी त्या गेल्या नाहीत. दार लावून घेतलं आणि बाहीतून एक वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कडेला निळं कापड.

"ही आमची पाहुण्यांची वही," त्या टोर्स्टेनकडे बघून म्हणाल्या, कारण आम्हाला ते सांगायची गरज नव्हती. "कोण कधी आलं, काय जेवलं. परत आले तर तेच वाढायचं नसतं. बावीस वर्षं ही शिझुयो-साननीच लिहिली."

त्यांनी एक पान काढून माझ्यापुढे सरकवलं. तोमोए वाकून बघायला लागली. "ताईचं अक्षर."

तीन वर्षांपूर्वीची जुलैची तारीख. खाली लिहिलं होतं: कुराहाशी, दोघे. आरंभीची बशी, सूप, कच्चा मासा. भाजलेल्या माशापासून पुढे बाकी.

मला आठवलं. नाही, विसरलो नव्हतो, पण आठवायची वेळ कधी आली नव्हती. शिझुयोचा कामाचा शेवटचा दिवस. हिराकावांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. बावीस वर्षं जिथे गुडघ्यावर बसून वाढलं तिथे ती पहिल्यांदा पाहुणी म्हणून बसली होती. फिकट निळा किमोनो. कच्चा मासा झाला आणि माझा फोन वाजला. मासेबाजारातल्या एकाची शीतखोली बंद पडली होती, बाहेर छत्तीस डिग्री. मी म्हटलं, जाऊन येतो. ती म्हणाली, जा. मी गेलो. घरी आलो तेव्हा ती झोपली होती. सकाळी तिनं विचारलं, "झाली का दुरुस्त?" मी म्हटलं, झाली. बस, एवढंच.

"मी गेल्यावर ती एकटी जेवली असेल, असं मी धरून चाललो होतो," मी म्हटलं.

"नाही जेवल्या. माझा नवरा मासा भाजून घेऊन आला, तर म्हणाल्या, परत न्या. उरलेलं आम्ही दोघं येऊन जेवू. आणि स्वतःच उठून वहीत लिहिलं. जाताना मला म्हणाल्या, ते परत आले की इथूनच सुरू करा, आणि या वेळी त्यांना उठू देऊ नका, हात धरून बसवा." किनुको-साननी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मी दर मोसमाला कार्ड पाठवत होते. त्यांचं उत्तर यायचं, ह्यांना सध्या काम फार आहे."

तोमोए काहीतरी टोचून बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं फोटोपुढच्या ताटातलं लोणचं नुसतं सरळ करून ठेवलं.

"पानावरून उठणं वाईट, हे मला कळतं," मी म्हटलं. "पण त्या माणसाची चार टन मासळी होती."

"बाबा, कोण तुम्हाला काय म्हणतंय?" नागिसा म्हणाली. ती रडत होती.

"मी आज पुरता बसलो ना? भातसुद्धा खातोय. आता सांगा. रक्षेबद्दल ती काय म्हणाली होती?"

किनुको-साननी वही मिटली. "आधी फळ घ्या. मग चहा."

"किनुको-सान!"

"घ्या, बाबा," टोर्स्टेन म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं. पुस्तकात हे नसावं.

पेअरची एक फोड आली. ती खाल्ली. मग शेंगदाण्याएवढा गोड पदार्थ, तोही खाल्ला. मग चहा. चहाच्या वेळी किनुको-सान टेबलाच्या कडेला येऊन बसल्या, माझ्या नव्हे, फोटोच्या बाजूला.

"जुलैतल्या त्या दिवशी सकाळी शिझुयो-सान मला मागच्या दारात म्हणाल्या, आज चहा आला की ह्यांना एक विचारायचंय. आपण शेवटी कुठे राहायचं, इथे की तिकडे. मी ठरवलंय, पण आधी ह्यांचं ऐकायचंय. घरी विचारलं की फोन वाजतो. इथे जेवण संपल्यावर माणूस जरा निवांत असतो."

"आणि काय ठरवलं होतं?"

"ते मी विचारलं नाही."

"विचारलं नाही?"

"त्या आधी तुम्हाला सांगणार होत्या. तुमच्या आधी मी कसं विचारू?"

मी कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"मग हे फोनवर का नाही सांगितलं? सात पदार्थ, दोन तास, माझे गुडघे! 'मला माहीत नाही', एवढंच सांगायचं होतं ना?"

"फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता," किनुको-सान म्हणाल्या. "त्यांचं जेवण तसंच राहिलं असतं. तेवढं माझ्याकडून राहायला नको होतं."

मी फोटोकडे पाहिलं. पुढच्या ताटातला मासा थंड होऊन गेला होता. भाताची वाफही गेली होती. तिच्या वाट्याचं ते मी खायचं, तशी रीत आहे, म्हणून मी ताट ओढून घेतलं आणि मासा खाल्ला. थंड झाल्यावर जास्त मुरलेला लागत होता. कुणी घाई केली नाही. तोमोएनं मला परत चहा ओतला.

"ताई तशी हट्टीच," ती म्हणाली. "लहानपणी मला काही सांगायचं झालं तर आधी मला केस विंचरून बसायला लावायची."

"मग सांगायची का?" टोर्स्टेननं विचारलं.

"कधी कधी तोवर मीच पळून जायचे."

निघताना दारात नागिसा हळूच म्हणाली, "बाबा, त्सुरुगा तर त्सुरुगा. मी येत जाईन." आणि बूट घालताना तोमोए पुटपुटली, "इथे ठेवायचं तर ठेवा बाई, वीस वर्षांनी मी तरी कुठे असणार आहे भांडायला." आधी दोघी ओढत होत्या, आता दोघी ढकलायला लागल्या. माझी अडचण जशीच्या तशी.

सोमवारी सकाळी मी मागच्या दारानं हिराकावांकडे गेलो आणि पंख्याचं बेअरिंग बदललं. अर्ध्या तासाचं काम. फोन पेटीत ठेवला होता. किनुको-साननी चहा दिला, मी बसून प्यालो. त्यांनी वहीत शिझुयोच्या ओळीखाली रविवारची तारीख घालून पुढचे पदार्थ लिहिले होते. त्या ओळीत 'बाकी' हा शब्द नव्हता.

मंगळवारी ब्रोकहोफचा फोन आला. मी पहिल्या घंटीला उचलला. त्याला म्हटलं, अजून एक आठवडा द्या. कलश त्याच्या कपाटात आहे. फॉर्म माझ्या टेबलावर आहे. तिचं नाव, जन्मतारीख, माझी सही, सगळं भरलं आहे. ठिकाणाचा रकाना अजून भरलेला नाही.